‘का?’चा रकाना

फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते. पलीकडे कर्णिक मॅडमची धाकटी बहीण होती. उषा गेली, सकाळी, चहा घेताघेता, फार त्रास झाला नाही, असं त्या एका दमात म्हणाल्या आणि थांबल्या... हातातल्या पेन्सिलीने मी पुढची चूक दुरुस्त केली, तिच्या पुढचीही केली. मग लक्षात आलं, एक दुरुस्ती गेली सात वर्षं माझ्याकडे राहून गेली आहे, आणि ती मागणारी बाई आता नाही. त्या घटनेला महिना होत आला. ती दुरुस्ती आज इथे करते आहे.

उषा कर्णिक आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. बदलापूरला, बेलवलीत एकट्या राहायच्या. त्यांच्या वर्गात मी शिरले ती भांडायच्या तयारीनेच. माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. आमच्या कॅम्प चारच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे कपाटावर, खाटेखाली, पिठाच्या डब्यामागे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. ‘अन्याय’ हा शब्द मला ‘अननस’च्या आधी वाचता आला. त्यामुळे माणूस हा परिस्थितीने घडतो, स्वभाव-बिभाव या खात्यापित्या लोकांच्या गप्पा, हे मला एकोणिसाव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं. आणि मॅडम तर व्यक्तिमत्त्वाचे गुणविशेष शिकवत होत्या! फळ्यावर त्यांनी आडव्या पाच रेघा मारल्या. बहिर्मुखता, काटेकोरपणा, जुळवून घेण्याची वृत्ती, भावनिक स्थैर्य, नव्याची ओढ. त्या म्हणाल्या, हे खोके समजू नका, या रेघा आहेत, प्रत्येक जण प्रत्येक रेघेवर कुठेतरी उभा असतो. मी उठून म्हटलं, “मॅडम, पगार बंद झाला की माणूस तापट होतो. यात गुणविशेष कुठला?” त्यांनी खडू खाली ठेवला. “बरं. मग तुमच्या चाळीत पगार बंद झालेले सगळे सारखेच तापले का गं?” वर्ग हसला. मला आमच्या शेजारचे काका आठवले, संपाच्या दिवसांत सगळ्यांच्या सायकली फुकट दुरुस्त करत बसणारे. त्यामुळे राग दुप्पट झाला.

त्याच वर्षी बाबांचं नाव सुपरवायझरच्या जागेसाठी आलं. खात्यातल्या सगळ्यांनी ते झालंच असं धरलं होतं. पण त्या वेळी कारखान्याने उमेदवारांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि बाबांच्या हातात चिठ्ठी पडली: बहिर्मुखता कमी, लोकांत मिसळण्यास नाखूष, माणसं सांभाळण्याच्या कामास योग्य नाही. गेटवर माइकशिवाय भाषण करणारा माझा बाप! बाबा ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि मला सगळ्यांत जास्त याची भीती वाटली की त्यांना ती खरी वाटू लागली होती. चौकशी केली तेव्हा कळलं की प्रश्नावली तयार करणाऱ्या आणि तपासणाऱ्या बाई आमच्याच कॉलेजच्या, कर्णिक मॅडम.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘माणसं मोजणाऱ्या बाई’ असं त्याचं नाव. स्वभाव नावाची गोष्टच नसते, असते ती फक्त परिस्थिती, असं त्यात छातीठोकपणे म्हटलं. या बाई मालकांच्या सांगण्यावरून कामगारांना नापास करतात, असंही लिहिलं. आणि एकाही कामगाराला त्यांनी तोंडाने काही विचारलेलं नाही, असं शेवटी लिहिलं. कॉलेजच्या गेटवर सगळ्या प्रती संपल्या. दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या त्या हातात पत्रक घेऊनच. शांतपणे म्हणाल्या, “भाषा चांगली आहे. दोन विधानं चुकीची आहेत. तिसरं बरोबर आहे, मी विचारलं नाही. रविवारी बाबांना घरी घेऊन ये.”

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. युनियनचं कार्ड बरोबर घ्यावं का, असं त्यांनी दारात विचारलं. बेलवलीच्या त्या घरात मॅडमनी चहा दिला, बाबांची परवानगी घेऊन त्यांची उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली आणि एकेक ओळ वाचायला लागल्या. ‘अनोळखी माणसांशी मी सहज बोलतो.’ बाबांनी ‘नाही’वर खूण केली होती. मॅडमनी कारण विचारलं.

“संपात अनोळखी माणूस म्हणजे साहेबांचा खबऱ्या, मॅडम. त्याच्याशी बोलायचं नाही, हे मीच तर पोरांना शिकवलं.”

‘मला एकटं बसायला आवडतं.’ इथे ‘हो’ होतं. बाबांनी त्या रिकाम्या, नीटनेटक्या दिवाणखान्यावरून नजर फिरवली. “आमच्या एका खोलीत पाच माणसं. एकटं बसायला मिळालं तर कोणाला नको होईल?”

मॅडम एवढंच म्हणाल्या की हे प्रश्न मी याच खुर्चीत बसून लिहिले, एकटीने. त्यांनी पट्टी घेतली, कागदाच्या उजव्या कडेला उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘का?’. पुढचे दोन तास त्या विचारत होत्या आणि बाबा सांगत होते. रकाना भरला तेव्हा बाबा बहिर्मुखतेच्या रेघेवर जवळजवळ टोकाला पोहोचले होते. जुळवून घेण्याच्या रेघेवर मात्र अगदी उलट टोकाला, आणि तेही सगळ्या कारणांसकट. बाबा खो खो हसले. “हे खरंय. आमच्या हिला विचारा.” जिना उतरताना मॅडम मला म्हणाल्या, “मोजता येतं गं. मी मोजपट्टी माझ्या घरात ठेवून तुझ्या घराची लांबी सांगितली.”

त्यांनी कारखान्याला पत्र दिलं. निष्कर्ष चुकला आहे, चूक प्रश्नांची म्हणजे माझी आहे, सगळ्याच उमेदवारांचे निकाल मागे घेते. कारखान्याने आभार मानले आणि पुढचं काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं. बाबांना जागा मिळाली नाही, ते फिटर म्हणूनच निवृत्त झाले. पण त्या पत्राची प्रत बाबांनी त्या चिठ्ठीवर टाचून ठेवली. स्वतःची चूक लेखी देणारा साहेब आपण नोकरीत पहिल्यांदा पाहिला, असं ते अजून सांगतात. ती चिठ्ठी त्यांनी नंतर कधी वाचली नाही.

त्यानंतर मॅडमनी आम्हा मुलांना प्रश्न देऊन बाहेर पिटाळलं. वांगणीला एका शेतकरी बाईंना मी विचारलं, तुम्ही कामं ठरल्या वेळेला करता का. त्या म्हणाल्या, “म्हशीला इचार.” कॅम्प दोनमधल्या सिंधी दुकानदाराला ‘मी भांडण टाळतो’ हे वाक्य वाचून दाखवलं, तर त्याने मलाच उलट विचारलं, “ग्राहक के साथ, या भाई के साथ?” मॅडम त्या उत्तरावर आठवडाभर खूश होत्या. एका प्रश्नाचे दोन झाले. आणि गंमत अशी की इतकं सगळं विचारल्यावरही माणसं वेगवेगळीच निघत होती. एकाच गल्लीतली, एकाच हालातली, तरी वेगळी. मला ते दिसत होतं. मी कबूल करत नव्हते.

मॅडमनी एकदा मलाही प्रश्नावली भरायला लावली. ‘मी माझी चूक लगेच मान्य करते’ या वाक्यापुढे मी ‘हो’वर खूण केली. त्यांनी काही न बोलता उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी तो कोरा सोडला. तेव्हापासून भेटलं की त्यांचं एक ठरलेलं असायचं: “माझी दुरुस्ती कारखान्याच्या फायलीत आहे. तुझी कधी छापून येणार?” मी हसून विषय बदलायचे. मॅडम, पुढच्या पत्रकात... पुढच्या वेळी...

परवा त्यांच्या बहिणीने मला एक फाइल दिली. सगळ्यात खाली माझा कागद होता, रकाना तसाच कोरा.

तर दुरुस्ती अशी: उषा कर्णिक मालकांच्या सांगण्यावरून कोणाला नापास करत नव्हत्या. त्यांची चूक झाली होती, ती त्यांनी मान्य केली आणि त्यासाठी हातचं काम घालवलं. स्वभाव नावाची गोष्ट असते. परिस्थिती ती दाबते, वाकवते, लपवते, म्हणून विचारावं लागतं. माझ्या कागदावर मी ‘हो’ खोडून ‘नाही’ केलं आणि समोर लिहिलं: कारण मला वाटत होतं, मी चुकले असं म्हटलं तर बाबा दुसऱ्यांदा हरतील.

त्या दिवशी अर्धवट राहिलेलं पत्रक गेल्या आठवड्यात छापून झालं. कंत्राटी सफाई कामगारांच्या मागण्यांचं आहे. मजकूर मी आखूड केला आणि उजवीकडे उभी रेघ मारायला सांगितली. छापखान्याचे काका चष्मा वर करून म्हणाले, “बेटा, इतनी जगह खाली? दो डिमांड और आ जाएँगी.”

“राहू द्या, काका,” मी म्हटलं. “वाचणाऱ्यालाही काहीतरी म्हणायचं असेल.”