एकेचाळीस नंबर आणि खालचा वॉर्ड

"पेशंट स्वतः चालत येणार, का उचलून आणायचा?"

फोनवरच्या माणसानं हे इतक्या सहज विचारलं, की जणू सिलिंडर घरपोच हवाय की गोडाऊनवरून नेता. मी समोर बसलेल्या प्रल्हादकडे पाहिलं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, शेजारी बायको वनमाला. नशेत धिंगाणा घालणारा माणूस म्हणून त्याला कोणी नाटकातही घेतलं नसतं.

"चालत येईल," मी म्हणालो. "समोरच बसलाय."

"मंग बरं. तीन महिने घरच्यांची भेट नाही, फोन नाही. चालेल ना?"

"डॉक्टर असतात का तुमच्याकडे?"

"येतात ना."

"कधी?"

"लागले तर."

मी फोन ठेवला आणि यादीवर त्या नंबरापुढे फुली मारली. ती सातवी फुली होती.

त्या यादीबद्दल आधी सांगतो, कारण तिच्यात माझा सगळा मोठेपणा भरलेला होता. मी सरकारी दवाखान्यात सोशल वर्कर आहे, मानसिक आरोग्य विभागात. आमच्या वाशीम जिल्ह्यातून दारू सोडायची म्हणून कोणी आलं, की त्याला योग्य ठिकाणी पोचवणं हे माझं काम. एका मीटिंगच्या आदल्या दुपारी मी इंटरनेटवर बसून राज्यभरातल्या व्यसनमुक्ती केंद्रांची यादी काढली. एकेचाळीस नावं, एकेचाळीस नंबर. रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "पाहा, असं काम पाहिजे." मी मान इतकी खाली घातली, की नम्रपणा मागच्या रांगेतून दिसावा. नंतर ती यादी मी येईल त्याला व्हॉट्सॲपवर पाठवत राहिलो. त्यातल्या एकाही नंबरावर स्वतः कधी फोन केला नव्हता.

प्रल्हादच्या दिवशी पहिल्यांदा केला. तोही स्वतःहून नाही. वनमाला म्हणाली, "साहेब, ते मोबाइलवरची यादी मागच्या महिन्यात आमाले भेटली. आमी लावले फोन. कोणी उचलत नाई. तुमीच लावून द्या."

तर लावत बसलो. एका ठिकाणी आता स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका होती. तिथल्या मुलानं मला बॅच कधीपासून सुरू होते ते सांगून टाकलं. चार-पाच नंबर अस्तित्वातच नव्हते. एका नंबरावर एक बाई म्हणाल्या, "हा आमच्या मिस्टरांचा नंबर होता. केंद्र तेच चालवायचे. ते गेले, मग केंद्रही गेलं." मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "अजून फोन येतात हो लोकांचे. तुम्ही कुठून नंबर घेता सगळे?" मी फोन ठेवून पुढचा नंबर लावला.

प्रल्हाद हे सगळं मजेनं ऐकत होता. किन्हीराजाच्या बाजूला त्याचं मोटारी वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली, की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, एकेक वेढा मोजून. एक वेढा चुकला तर मोटार पुन्हा जळते.

"कितीची घेता दिवसाला?" मी फॉर्म भरता भरता विचारलं.

"मोजमाप नाई साहेब. पण सकाळची पयली लागतेच. ते घेतल्याबिगर तार हातात बसत नाई. हात असे करतेत." त्यानं हात वर धरून हलवून दाखवले, वऱ्हाडी लग्नातल्या झांजवाल्यासारखे. "एक पाव आत गेला, की मंग पाहा! सरळ. तुमी मायावाले वेढे मोजा, एक इकडचा तिकडं नाई."

"म्हणजे ऑइलिंग झाल्याशिवाय मशीन चालत नाही," मी म्हणालो.

तो हसला. मीही हसलो. वनमाला हसली नाही. फॉर्मवर "सकाळी हात थरथरतात का?" असा चौकोन होता. त्यात मी "होय" अशी खूण केली आणि पुढच्या पानावर गेलो.

सव्विसाव्या नंबरावर माणूस भेटला. दोन जिल्हे पलीकडची जुनी संस्था. बोलणाऱ्या बाई नीट, शांत. फी परवडण्यासारखी, डॉक्टर रोज येणारे. बेड मात्र बारा दिवसांनी रिकामा होणार होता. त्यांनी नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "डिटॉक्स तिकडेच करून पाठवाल ना?"

"हो हो," मी म्हणालो.

डिटॉक्स म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. अंगाला रोजच्या दारूची सवय लागलेला माणूस ती एकदम बंद करतो, तेव्हा अंग उलटतं. थरथर, घाम, झटके, भास. काही जण त्यात मरतात. म्हणून पहिले सात-आठ दिवस दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन, अंग सावरून घ्यायचं असतं. त्याला डिटॉक्स म्हणतात. मन सावरायचं काम पुढचं, ते केंद्रात होतं. हे मला माहीत होतं. परीक्षेत यावरचा प्रश्न मी सोडवलाय आणि पैकीच्या पैकी मार्क घेतलेत.

पण बेड मिळाल्याच्या आनंदात मी फुगलो होतो. आणि मला एक कल्पना सुचली.

आखाड संपत आला होता. चार दिवसांनी श्रावण लागणार होता. आमच्या भागात वर्षभर पिणारी कितीतरी माणसं श्रावण पाळतात. आखाडात मनसोक्त, आणि श्रावण लागला की बाटलीला हात नाही, मटणाला हात नाही. मी स्वतः मंगरूळपीरच्या शेखांच्या घरातला. आमच्याकडे रमजानात भलेभले सुधारलेले मी पाहिलेत, त्यामुळे या महिन्यांच्या ताकदीवर माझा फार विश्वास. मी खुर्ची पुढे ओढली.

"प्रल्हादभाऊ, श्रावण पाळता का?"

"पयले पाळत होतो. आता चार-पाच वर्सं झाले, नाई जमत."

"या वर्षी पाळा. पहिल्या दिवसापासून थेंब नाही. बेड मिळेपर्यंत आठ दिवस कोरडे निघतील, आणि केंद्रात तुम्ही अर्धे बरे होऊनच जाल."

 तो वनमालाकडे पाहून म्हणाला, "शेख साहेब मले श्रावण सांगून राह्यले, पाहाय."

"मंग ऐका ना," ती म्हणाली. "कोणाचं तरी ऐका."

"बरं," तो म्हणाला. "शब्द देतो साहेब. थेंब नाई."

त्या संध्याकाळी मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक मोठी पोस्ट टाकली: स्थानिक संस्कृतीचा समुपदेशनात वापर. अकरा अंगठे आले. त्यातला एक माझाच.

श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वनमालाचा फोन.

"साहेब, हे लय थरथरून राह्यले. घाम येऊन राह्यला, उलट्या होऊन राह्यल्या. पाणी ठरत नाई. थोडीशी देऊ का? कपातनं?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. मी जेवत होतो. "ताई, आज दिली तर सगळं पाण्यात. शरीर मागतंय, मागू द्या. दोन दिवस कळ काढा."

"ते पण तेच म्हणून राह्यले," ती म्हणाली. "मी कप पुढं केला, तं फेकून देला. शब्द देला म्हणते साहेबाले."

मला अभिमान वाटला. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा खरंच अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला. काम नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. बाकावरून उठताना त्याला झटका आला. पडताना डोकं बाकाच्या लोखंडी पायाला लागलं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं गाडी करून आमच्याच दवाखान्यात आणलं. मी पहिल्या मजल्यावर माझ्या केबिनमध्ये होतो. मला नऊच्या सुमारास खालून बोलावणं आलं.

प्रल्हाद खाटेवर बसलेला होता. डोक्याला पट्टी. कमरेला चादरीनं सैल बांधलेलं, कारण तो सारखा उतरायला पाहत होता. त्याचे दोन्ही हात हवेत चालले होते. उजवा गोल फिरायचा, डावा ताण धरायचा, आणि ओठ हलायचे.

"एकसष्ट... बासष्ट... त्रेसष्ट..."

"काय करतोय?" मी नर्सला विचारलं.

"मोटार भरून राह्यला," खाटेच्या पायाशी उभी असलेली वनमाला म्हणाली. "इथं आणल्यापासून. तार नाई, काही नाई. मधात कोणी बोललं का रागावते. वेढा चुकते म्हणते."

मी जवळ गेलो. "प्रल्हादभाऊ, मी शेख."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. "तार धर," म्हणाला. "ढिली पडून राह्यली."

मी काय करणार? मी हात पुढे केला आणि नसलेली तार धरली.

आमच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली, सलाइन लावलं, खाटेचे कठडे वर केले. मग मला बाजूला घेतलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत. तेच जास्त जड जातं.

"शेख, हा तुमच्याकडे आला होता?"

"हो मॅडम."

"सकाळच्या थरथरीबद्दल विचारलं होतं?"

"विचारलं होतं. त्यानं सांगितलं. हात हलवून दाखवले."

"मग?"

"मी हसलो, मॅडम."

 त्या केसपेपर घेऊन पुढच्या पेशंटकडे गेल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सव्विसावा नंबर. त्या शांत बाई. "साहेब, एक पेशंट आला नाही. बेड आजच रिकामा झालाय. तुमचा माणूस डिटॉक्स होऊन तयार असेल, तर पाठवा."

मागून आवाज येत होता. "एकशे बारा... एकशे तेरा..."

"दुसऱ्या कुणाला द्या," मी म्हणालो.

ज्या खाटेवर प्रल्हाद बसला होता, ती आमच्याच वॉर्डातली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाटा रिकाम्या होत्या. तो माझ्या केबिनमध्ये बसून हसत होता, तेव्हाही त्या रिकाम्याच असणार. त्याला फक्त खाली आणून मॅडमना दाखवायचं होतं. मी राज्यभर फोन फिरवले, आणि माझ्या पायाखालच्या वॉर्डाचा नंबर माझ्या यादीत नव्हता. लॅमिनेशन मात्र चांगलं झालं होतं.

सहा दिवसांत तो सावरला. माणसं ओळखायला लागला, जेवायला लागला. हात जवळजवळ स्थिर. मॅडम म्हणाल्या, हीच खरी वेळ आहे, केंद्राशी बोला. मी बोललो, त्या बाई पुन्हा जागा करायला तयार झाल्या. मी खाली जाऊन प्रल्हादला सांगितलं, आणि माफीही मागितली. माफी मागताना मी फार बोललो, हाही माझा एक दोष.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा राग नाई साहेब," तो म्हणाला. "पण हिशोब सोपा हाय. वीस वर्सं पेलो, एक दिवस खाटेले नाई बांधलं कोणी. तीन दिवस सोडली, तं मराले टेकलो. मंग तुमीच सांगा, वाईट काय हाय? पेणं का सोडणं?"

मी समजावलं. मॅडमनी समजावलं. वनमालानं तर पायावर डोकं ठेवायचं बाकी ठेवलं. तो नाही म्हणाला. डिस्चार्जच्या दिवशी त्यानं पुन्हा घेतली, असं मला नंतर कळलं.

गोष्ट त्याच्यापाशी थांबली नाही. गावोगाव ती माझ्यापेक्षा वेगानं फिरली. मी पुढच्या महिन्यात त्या बाजूच्या एका गावात शिबिराला गेलो, तर पारावरचा एक जण उठून म्हणाला, "ते वाइंडिंगवाल्यानं सोडली तं पाहालं ना काय झालं? आमाले नाई सोडाची बावा." लोक हसले. मी ज्या माणसाला दारू सोडण्याचा नमुना म्हणून मिरवणार होतो, तो न सोडण्याचा नमुना झाला होता.

प्रल्हाद पुढचा आखाड पाहू शकला नाही. पोटात पाणी झालं, कावीळ झाली. या वेळी तो आमच्या वॉर्डात आलाच नाही. गेल्यावरच कळलं.

मी किन्हीराजाला भेटायला गेलो. दुकानाला कुलूप होतं. वनमालानं घरात बसायला सतरंजी टाकली, चहा केला. मला वाटत होतं, तिनं चार शब्द सुनावावेत. त्याची तयारी करून गेलो होतो. ती भिंतीला टेकून बसली.

"तुमी मनाले लावून घेऊ नका साहेब," ती म्हणाली. "सासऱ्यानं सांगतलं, भावानं सांगतलं, मी तं रोजच सांगो. कोणाचं ऐकलं नाई त्यानं. जिंदगीत एकाच माणसाचं ऐकलं. तुमचं."

चहा मी पूर्ण प्यायलो. न पिता उठणं बरं दिसलं नसतं.

आता यादी नवी आहे. एकेचाळीसवरून नऊवर आली. त्या नऊही ठिकाणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः फोन लावतो, आणि अभ्यासिका निघाली तर नाव खोडतो. सगळ्यात वर आमच्या खालच्या वॉर्डाचा नंबर आहे. लॅमिनेशन केलेलं नाही, खोडाखोड करायला सोपं जातं. कोणी विचारलं, की सोडायची आहे, पण केंद्र मिळत नाही, तर मी सांगतो: केंद्र शोधू, पण आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा, आणि रोज पीत असाल तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. श्रावण असला तरी.

आणि "सकाळी हात थरथरतात का?" हा प्रश्न आता मी सगळ्यात आधी विचारतो. बरेच जण उत्तर देताना विनोद करतात. हात हलवून दाखवतात. मी हसत नाही. उठतो, आणि त्यांना घेऊन जिना उतरतो.