फळ्यावरची लाल रेष

सरांनी फळ्यावर लाल खडूने आडवी रेष मारली. रेषेच्या वर अकरा नावं. खाली एकच. माझं.

बदलापूरचा क्लास. विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देतात ना, त्या कंट्रोलरच्या ट्रेनी पदाची तयारी. अर्ज अख्ख्या देशातून, जागा मोजक्या. आधी लेखी, मग माइकवर आवाजाची चाचणी, मग मुलाखत. दर रविवारी सराव पेपर. त्या रविवारी मला वर्गात दुसरे मार्क होते.

म्हटलं, "सर, माझं नाव दुसरं पाहिजे."

"अगं, तुझी रांगच वेगळी. तुम्ही सरकारचे जावई! तुम्हाला कसलं टेन्शन?"

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "सर, ये तो टॉवर में भी कोटेवाला प्लेन पहले उतारेगी!"

वर्ग हसला. सर हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

पप्पा अंबरनाथला कारखान्यात फिटर. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांनी रजा टाकून टाकून उल्हासनगरच्या कचेरीत खेटे घातले होते. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, आईच्या साड्यांखाली. मी अर्ज भरायला बसले तेव्हा त्याची सही-शिक्क्याची झेरॉक्स त्यांनीच आणून समोर ठेवली.

मी प्रवर्गाच्या रकान्यात लिहिलं: खुला. डोक्यात एकच. रेषेच्या वर जाऊन दाखवते.

पाकीट चिकटवताना पप्पांनी विचारलं, "दाखला जोडलास ना गं?"

"हो पप्पा."

झेरॉक्स माझ्या फिजिक्सच्या वहीत होती.

लेखी निघाली. तो मागच्या बाकावरचा लेखीतच गळला. आवाजाच्या चाचणीत माइकसमोर माझा आवाज कापला नाही. मुलाखतही झाली. पप्पांनी कारखान्यात पेढे सांगून ठेवले.

यादीत माझं नाव नव्हतं.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर टपालाने आलं. पप्पा म्हणाले, वाच. वाचलं. खुल्या यादीतला शेवटचा माझ्यापेक्षा एका मार्काने पुढे. आमच्या यादीतला शेवटचा माझ्या कितीतरी मागे.

पप्पा उठले. साड्यांखालून दाखला काढला. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. शिक्का बघितला, सही बघितली, मागची कोरी बाजूसुद्धा बघितली.

"ह्यात काय चूक होती का गं?"

तेव्हा सांगितलं. सगळं. रेष, जावई, हसणं, वही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते दाखला पिशवीत घालायला लागले. पिशवीचं तोंड त्यांना सापडेना. लोखंडाला केसाइतकी धार देणारे हात. दोनदा चुकले. म्हणाले, "मला वाटलं, माझंच काही राहिलं."

त्या दिवशी मला कळलं. सरांनी माझं काही हिसकावलं नव्हतं. मला फक्त लाजवलं, आणि बापाने कमावलेलं मी आपल्या हाताने वहीत दडवलं. सरांसारख्यांना एवढंच हवं असतं. आपण लाजायचं. पुढचं काम आपणच करतो.

पुढची जाहिरात आली तेव्हा खुल्या प्रवर्गासाठी माझं वय उलटलं होतं. आमच्या प्रवर्गाला वयाची सवलत होती. पहिला रकाना भरला तो जातीचा. नाव नंतर.

मग क्लासला गेले. फळ्यावर पुन्हा रेष होती. खाली दोन नावं. त्या नावांची दोन नवी पोरं माना खाली घालून हसत होती. मी तळहाताने रेष पुसली.

सर म्हणाले, "हा काय तमाशा?"

"तमाशा तुमचा. पुन्हा माराल तर पुन्हा येईन."

निवड होईल की नाही, माहीत नाही. पप्पा आता दाखल्याला हात लावत नाहीत. "तूच काढ," म्हणतात. माझी ती हुकलेली जागा परत मिळणार नाही. पण त्या दोघांचे अर्ज मी समोर बसवून भरून घेतले. दाखले जोडले. पाकिटं मी स्वतः चिकटवली.

ह्या भागातलं एकही पोर मी आता लाजून खुल्यात जाऊ देणार नाही.