पॅनलवरच्या कुरडया

मंडीदीपच्या कारखान्यात मी विजेची देखभाल बघतो, त्यामुळे नेहरू नगरच्या आमच्या घरात वीज हा माझा प्रांत. गच्चीवर सोलर पॅनल बसवले, जिन्याखाली बॅटरी ठेवली, ते मीच ठरवून. आईला विचारायचं सुचलंही नाही. गच्चीवर तिचं काय काम, असं मला वाटलं होतं.

काम होतं. माझ्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं आणि रुखवतातल्या कुरडया आईला स्वतःच्या हातानं करायच्या होत्या. नातीच्या लग्नात विकतच्या कुरडया मांडणं म्हणजे तिच्या लेखी नाक कापून घेणं. ऐंशी उलटली तरी तिने गहू भिजवले, चीक काढून शिजवला. पण उन्हाची सगळी जागा पॅनलांनी घेतलेली, उरलेल्या कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली. पहिला घाणा आंबला. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही की मला बरं वाटतं.

मग वीज कमी येऊ लागली. तीही भर उन्हाळ्यात, भर दुपारी. मोबाइलवर रोजचा आलेख दिसायचा, तो उन्हं चढली की कोसळायचा. संध्याकाळी बॅटरी अर्धीच भरलेली. वावटळ उठून लाइट गेली की जेवताना इन्व्हर्टर कोकलायचा. गंमत म्हणजे रविवारी सगळं ठणठणीत. मी पॅनल धुतले, जोडण्या तपासल्या, कंपनीच्या माणसांना फोनवर नको नको ते बोललो. शेवटी त्यांनी टेक्निशियन पाठवला. मी कारखान्यात होतो. गच्चीवरूनच त्याचा फोन आला.

"सर, पॅनल पे तो सेवई सूख रही है."

घरी येऊन मी आईला ऐकवलं. एका पॅनलवर सावली पडली की ओळीतले बाकीचेही मंदावतात, हे समजावलं. तिला मुळीच अपराधी वाटत नव्हतं. बायको तिला सामील होती, तीही हसत होती. आईने उलट पॅनलचं कौतुकच केलं: काच मस्त तापते, मुंग्या लागत नाहीत, धोतर अंथरून चिमटे लावले की दोन उन्हांचं काम एका उन्हात होतं. रविवारी मी घरी असतो, म्हणून तेवढी सुट्टी. वर मलाच विचारलं, तुझी बॅटरी एक रात्र पुरते, माझा डबा वर्षभर, मग शहाणं कोण? मी चिडलो. पॅनलची पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे, ती या चिकापायी घालवायची का, म्हणालो.

"पंचवीस वर्षं तुझी तू ठेव," आई म्हणाली. "मला हा एक उन्हाळा दे."

मी उन्हातल्या कोपऱ्यातले दोन पॅनल उतरवून जिन्यात उभे केले. बॅटरी भरायला वेळ लागू लागला, घरातला एक कूलर बंद ठेवला. लग्नात रुखवतावर कुरडया सगळ्यांत पुढे मांडल्या होत्या. पाहुण्यांतल्या बायका विचारत होत्या, कुणी केल्या, आणि आई त्या टेबलापासून हलायला तयार नव्हती.

लग्नाच्या धावपळीत राहून गेलेले दोन्ही पॅनल होळी झाल्यावर परत बसवायला टेक्निशियनला बोलावलं. तो जिन्यात पोचला, तेवढ्यात मला स्वयंपाकघरात ओट्याखाली मोठं पातेलं दिसलं. गहू भिजत होते. मी आईला म्हटलं, एकच उन्हाळा म्हणाली होतीस ना?

तिने पातेल्यावर झाकण सारलं.

"तेव्हा मला कुठे ठाऊक होतं, आणखी एक मिळेल म्हणून."

टेक्निशियनला चहा पाजला आणि परत पाठवलं.