शुक्रवारचं मीठ

कादरभाई शेख आमच्याच गावचे, पण वर्षातले आठ महिने त्यांचा मुक्काम समुद्रावर. आमचं गाव श्रीरामपूरपासून आठ मैलांवर. समुद्र इथं कुणी पाहिलेला नव्हता; कालवा भरून वाहिला की आम्ही त्याच्याकडेच कौतुकानं बघत बसायचो. असल्या गावातला माणूस पोटापाण्यासाठी मुंबईला जातो काय आणि एका बोटीवर खलाशांचा स्वयंपाकी होतो काय, हे मला कधी नीट उलगडलं नाही.

बोट लहान होती. तीस-बत्तीस गोरे प्रवासी घेऊन ऑक्टोबरात मुंबईहून निघायची आणि सिलोन, सेशेल्स, मॉरिशस करत मे संपता संपता परत यायची. प्रवासी बहुतेक म्हातारे. त्यांना नाचगाण्यात रस नव्हता, त्यांना बेटांवरच्या जुन्या बागा बघायच्या असत. कुठलं झाड कुणी आणलं, कुणाच्या राज्यात लावलं, हे सांगायला एक प्रोफेसर बरोबर असे. कादरभाई जेवणाचे डबे आणि छत्र्या घेऊन त्यांच्या मागून चालत. प्रोफेसरांचं अर्धं इंग्रजी त्यांना समजे, उरलेलं ते पदरचं घालत, आणि पावसाळ्यात घरी आले की तो सगळा इतिहास चावडीवर आम्हाला ऐकायला मिळे.

परातीएवढ्या पानांची कमळं आम्ही त्यांच्याकडूनच ऐकली. फ्रेंचांनी डचांच्या बेटांवरून लवंगेची आणि जायफळाची रोपं चोरून आणली आणि मॉरिशसच्या बागेत लावली, हेही. त्या बागेचे खड्डे खणले ते गुलामांनी. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज चढायचा. "झाडाचं नाव पाटीवर दोन भाषांत हाय, गुरुजी. खड्डा खननाऱ्याचं एकाबी भाषेत न्हाई."

त्यांची बायको शहजादी. मी तिला भाभी म्हणायचो. दोन लेकरं पाळण्यातच गेली, त्यानंतर कूस उजवली नाही. तेव्हापासून तिनं मनाशी एक गाठ मारून घेतली होती, की आपल्या हातून काही जगत नाही. कोंबडीची पिल्लं मेली तरी दोष स्वतःच्या हाताला. कादरभाईंना ते फार लागायचं. ही बेटावर यायची नाही, तर बेटावरचं काहीतरी हिच्या दारात वाढू दे, हिच्या हातानं वाढू दे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

सत्तर साली त्यांनी पिठाच्या डब्यात लपवून लवंगेचं रोप आणलं. ही चोरी झाली असं मी म्हटलं, तर म्हणाले, फ्रेंचांनी केली तेव्हा तुम्ही तिला इतिहास म्हणालात.

आता माझा गाढवपणा सांगतो. भाभीला लिहिता-वाचता येत नसे. कादरभाईंची निळी हवाईपत्रं मी तिला वाचून दाखवायचो आणि तिची उत्तरं लिहून द्यायचो. एकदा तिनं विचारलं, समुद्राचं पाणी कसं असतं? दुसरा कुणी असता तर 'खारट' म्हणून मोकळा झाला असता. मी पडलो शाळामास्तर. खारी हवा, खारे वारे, जमिनीत मुरलेला खार, सगळं सांगितलं, आणि वर आपल्या अकलेचे तारे तोडले, की अशा ठिकाणच्या झाडांना आपलं गोडं पाणी कसं मानवायचं कोण जाणे. ती पत्राची घडी करून घरी गेली.

लवंग दिवाळीनंतर वाळली. एकाहत्तरच्या जूनमध्ये कादरभाईंनी दालचिनीचं रोप आणलं. ऑगस्टात त्याचीही पानं कडेनं करपू लागली. एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते मुठीत माती घेऊन आले आणि मला ती जिभेला लावून बघायला सांगितली. माझं तोंड वाकडं झालं. आळ्यात पांढरी पापडी धरली होती. दर जुम्म्याला, नमाज झाली की, भाभी तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून त्या रोपाला घालत होती.

मला माझं व्याख्यान आठवलं. मी कादरभाईंना सगळं खरं सांगितलं आणि आत्ताच जाऊन भाभीची माफी मागतो म्हणालो. त्यांनी माझा हात धरला.

"गुरुजी, तिला सांगू नका. समुद्र तिनं पाह्यला न्हाई, तरी झाडापायी दारात समुद्र कालवत हुती. सांगितलं तर म्हनंल, हेबी माझ्याच हातानं मारलं. पुन्हा कशाला हात लावायची न्हाई ती."

मी तसा शब्द दिला. दालचिनी त्या महिन्यातच गेली. ऑक्टोबरात कादरभाई बोटीवर गेले ते एकच प्रश्न घेऊन: मीठ पिऊन जगणारं झाड कुठलं? मॉरिशसच्या त्या बागेत एक म्हातारा माळी होता. त्याचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात कामाला गेलेले. तो अजून जुन्या वळणाचं मराठी बोलायचा. त्याच्यापुढं कादरभाईंनी आपली सगळी हकिकत मांडली. म्हातारा हसला नाही. नारळ ने, म्हणाला, त्याला मीठ मानवतं.

बाहत्तरच्या जूनमध्ये कादरभाई कोंब फुटलेला नारळ बगलेत मारून एसटीतून उतरले. गावानं त्यांची यथेच्छ टर उडवली. नारळ आणायला समुद्रापार कशाला जायला हवं होतं, तो श्रीरामपूरच्या बाजारात मिळतो! कादरभाई सगळ्यांबरोबर हसले. रोप भाभीच्याच हातून लावून घेतलं आणि वर मूठभर मीठ खड्ड्यात टाकायला सांगितलं. ही बेटावरची रीत आहे, म्हणाले. मी शेजारी उभा होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

त्या साली पाऊस आलाच नाही. ऑक्टोबरात कादरभाई बोटीवर गेले तेव्हा कालवा अर्धा होता, संक्रांतीला विहिरींचा तळ दिसू लागला. गाव खडी फोडायच्या कामावर जाऊ लागलं. भाभीही जायची. संध्याकाळी टँकरच्या रांगेत उभी राहून दोन हंडे पाणी आणायची. नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं त्या नारळाच्या आळ्यात. आणि दर शुक्रवारी मीठ.

मी लावणीच्या वेळी चार लोकांना विचारून ठेवलं होतं. नारळाला मीठ चालतं हे खरं, पण भरपूर पाण्याबरोबर. पाण्याचा घोट मिळायची मारामार, त्यात दर आठवड्याला मूठभर मीठ, म्हणजे हेही रोप जाणार. आणि ते गेलं की भाभीच्या हाताचा निकाल कायमचा लागणार. तोंड उघडावं तर कादरभाईंना दिलेला शब्द मोडतो. मला त्या दिवसांत जेवण गोड लागेना.

एप्रिलमध्ये ती पत्र लिहून घ्यायला आली. झाड बरं आहे, जुम्म्याच्या जुम्म्याला मीठ घालते, असं लिहा म्हणाली. मी पेन खाली ठेवलं. शेवटी शब्द मोडला. लवंग का गेली, दालचिनी का गेली, दोष माझ्या जिभेचा कसा होता, सगळं सांगून टाकलं आणि हात जोडले, की भाभी, आता मीठ बंद करा.

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं पदर सारखा केला.

"मला म्हाईत हाय, गुरुजी. दालचिनीच्या वक्ताला पहाटं फजरला ते ती माती पाटीत भरून वढ्यात टाकाया गेल्ते. मी दारातनं पाह्यलं. मग मी बी चाखली." मग म्हणाली, "पानी आटल्यापासनं मीठ बंदच हाय. जुम्म्याला नुसती मूठ नेते आन् परत आनते."

मूठ तरी कशाला न्यायची, असं मी विचारलं.

"लोक बघत्यात, तुमी बघता, तुमी त्यांना लिवता. त्यांनी माझ्यासाठी सात समिंदर फिरून मीठ खानारं झाड हुडकलं. त्यांना कसं कळवू, की आता मीठ लागत न्हाई म्हनून?"

मी पत्र पुरं केलं. जुम्म्याच्या जुम्म्याला मीठ घालते, असं तिनं सांगितलं तसंच लिहिलं.

जूनमध्ये कादरभाई आले. स्टँडवरून घरी जायच्या आधी शाळेत डोकावले आणि दबक्या आवाजात विचारलं, आहे का? मी म्हणालो, आहे, चार नवी पानं काढली आहेत. मग त्यांनी विचारलं, शहजादी मीठ घालते ना? मी फळा पुसत होतो, तो पुसतच राहिलो आणि म्हणालो, एकही शुक्रवार चुकवला नाही तिनं.

कादरभाईंचे डोळे भरून आले. म्हणाले, बघा गुरुजी, जगलं का न्हाई तिच्या हातानं.