नावानिशी प्रार्थना

आमच्या मंडळीत दर रविवारी उपासनेच्या मध्यावर मध्यस्थीची प्रार्थना होते. स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यासाठी मागायचे. नांदेडच्या या लहानशा चर्चमध्ये मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक म्हणून ते काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. मी शाळेत गणित शिकवले. मोघम उत्तर मला चालत नसे. मोघम प्रार्थनाही चालत नाही. माझी आई नायगावकडची. ती चुलीपुढे बसून गावातल्या एकेका घरासाठी मागत असे, आणि प्रत्येकाचे नाव, दुखणे, घराची खूण देवापुढे मांडत असे. तीच रीत मी मंडळीत चालवली. नाव, गल्ली, आजार, औषध कोठे चालू आहे. सारे उभे राहून, मोठ्या आवाजात. या रीतीचा मला अभिमान होता.

त्याच रीतीने मी एका बाईचा रोजगार बुडवला.

ती आमच्या शेजारी राहते. बौद्ध घरातली, माहेर कंधारकडचे, पती वारलेले. रेल्वेच्या कचेरीतल्या लोकांना आणि कॉलेजच्या मुलांना ती घरून डबे देते. मागच्या वर्षी तिला टीबी निघाला. तिने गाजावाजा न करता उपचार सुरू केले. डॉक्टरांनी आता कोणाला धोका नाही असे सांगेपर्यंत स्वयंपाक भावजयीकडून करवून घेतला, आणि मगच स्वतः शेगडीपुढे उभी राहिली. अशक्तपणा मात्र जात नव्हता. एके सकाळी कुंपणापाशी तिने हे सारे मला सांगितले आणि म्हणाली, "सर, तुमच्या देवाला सांगा की माझ्यासाठी. औषध घेऊन राहिले, पण जीव लई थकतो."

मी रविवारी सांगितले. नाव, गल्ली, आजार.

मंडळीतले बरेच लोक रेल्वेत नोकरीला आहेत. त्यांच्या मनात वाईट नव्हते. कचेरीत त्यांनी काळजीपोटीच विषय काढला असावा. पण त्या आठवड्यात तिचे डबे एकामागून एक बंद झाले. शनिवारी मी तिच्या दारात गेलो, तेव्हा परत आलेले डबे तिने घासून ओट्यावर पालथे घातले होते.

"म्या देवाला सांगा म्हणलं होतं, सर," ती म्हणाली. "गावाला न्हवतं."

मी तसाच मागे फिरलो.

माझी मुलगी लातूरला एका दवाखान्यात परिचारिका आहे. त्या संध्याकाळी ती आपल्या लहान मुलीला घेऊन आली. माझ्या पत्नीने तिला सगळे सांगितले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही प्रार्थना केली का दवंडी पिटवली?"

"मी तिच्या भल्यासाठीच केले."

"भल्यासाठीच केलं हो. आमच्या वॉर्डात एका पेशंटचा आजार दुसऱ्याला सांगितला, तर आम्हाला जाब द्यावा लागतो. तुमच्याकडं त्यासाठी माइक देतात."

चर्चमध्ये माइक नुकताच आला होता. माझी पत्नी हसली. मी हसलो नाही.

"आता काय करणार?" मुलीने विचारले.

"प्रार्थना करीन."

"करा. अन् मग?"

ती रात्रीचे वाढायला आत गेली. मी बसून राहिलो. माझ्या आईच्या हातचे पाणी गावात कोणी घेत नसे. ज्या घरांसाठी ती नावानिशी मागत असे, त्या घरांतही नाही. हातचे अन्न नाकारले जाणे म्हणजे काय, हे आमच्या मंडळीला कोणी शिकवायला नको. तरीही माझ्याच तोंडून एका बाईच्या हातचे अन्न बंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपासनेआधी, मी तिची माफी मागितली आणि विचारले, की हंगामाच्या सणाला, पिकासाठी देवाचे आभार मानायच्या दिवशी, आमच्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक ती करील का. तिने माझ्याकडे नीट पाहिले.

"कीव करून बोलवत असाल तर न्हाई येणार. माझा दालचा चांगला म्हणून बोलवत असाल तर येते."

"दालचा चांगला असतो," मी म्हणालो. ते खरेच होते.

त्या उपासनेत मी प्रार्थनेला उभा राहिलो नाही. कबुलीला उभा राहिलो. चूक माझी आहे हे चार वाक्यांत सांगितले, आणि भोजनाचा प्रस्ताव मांडला. माझ्या सोबतचा एक पंच रेल्वेत आहे. तो उठला.

"पंच, भोजनाला लेकरंबाळं असतात. जरा विचार करा."

"डॉक्टरांनी विचार केलेला आहे," मी म्हणालो. "ज्याला जेवायचे नसेल, त्याने घरून डबा आणावा."

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी खाली पाहिले. ते हसत असावेत.

सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात डाळ-दुधीचा आंबटसर दालचा आणि भात तयार झाला. पट्ट्या अंथरल्या. पत्रावळी मांडल्या. कोणी बसेना. जो तो उभ्यानेच बोलत राहिला. ती बाई पातेल्याशेजारी पदर खोचून उभी होती आणि कोणाकडेही पाहत नव्हती. तिने हात पुसले, पुन्हा पुसले. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती निघून गेली असती, आणि तिला परत बोलावण्याचे तोंड मला उरले नसते.

माझी मुलगी सकाळच्या बसने लातूरहून आली होती. ती पुढे झाली, रिकाम्या पंगतीत एकटी बसली, आणि तीन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेतले.

"मावशी, हिला भात कालवून द्या. तुमच्याच हातानं. माझ्या हातचं ही खात न्हाई."

बाईने पत्रावळीत भात आणि दालचा बोटांनी मऊ कालवला. पोरीने तोंड उघडले. घास गिळून ती म्हणाली, "अजून."

त्या विरोध करणाऱ्या पंचाची म्हातारी आई काठी टेकत आली. "सरका गं. मला जागा द्या आधी. ह्यांचं बोलणं सरंपर्यंत भात गार व्हायचा." ती बसली, मग सून बसली, मग रांगा भरल्या. मी वाढपी होतो. त्या पंचाला मी दोनदा भात वाढला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच पत्रावळ पुढे केली.

मुलगी संध्याकाळी लातूरला परतली. तिला मी स्टँडवर सोडायला गेलो आणि नेहमीप्रमाणे काही बोललो नाही. घरी आल्यावर पत्नीला म्हणालो, की पोर चांगली निघाली. आमच्या घरात एवढे पुष्कळ झाले.

आता कोणाचे नाव घेण्याआधी मी त्याला विचारतो, आणि आजार देवाला मनातच सांगतो. कॉलेजची काही मुले तिच्याकडे पुन्हा आली नाहीत. पण मंडळीतल्या रेल्वेवाल्यांनी सणानंतरच्या सोमवारपासून आपापले डबे लावले आणि कचेरीत सगळ्यांदेखत उघडून खाल्ले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. हळूहळू इतरांचेही डबे सुरू झाले. आमच्या मंडळीविषयी मी आजवर पुष्कळ कडक बोललो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

तो पंचही तिचाच डबा खातो. परवा मी तिच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा भाजीत मीठ कमी पडल्याची तक्रार घेऊन तो आला.

"घरी बायकोला सांगता का असं, साहेब?" तिने विचारले.

"न्हाई."

"मग गुमान खा की."

त्याने दुसऱ्या दिवसाचा डबा सांगितला आणि गेला.