भागीकाकूच्या कॉटवर

मी अमेरिकेला नवऱ्याकडे निघाले, तेव्हा आई एअरपोर्टवर आली नाही. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत एकच कॉट, आणि तिच्यावर गावची शेजारीण भागीकाकू झोपलेली. परळच्या हॉस्पिटलात पोटाचं ऑपरेशन होऊन आलेली. खाली टॅक्सी उभी होती आणि आई पेज ढवळत म्हणाली, "तू धडधाकट आसस, बाय. जातलस नीट. हिका पेज कोण देतला?" भागीकाकू कॉटवरून काहीतरी पुटपुटली. मी ऐकायलासुद्धा थांबले नाही. तो राग मी न्यू जर्सीत लोणच्यासारखा मुरवला.

चाळीतल्या मंडळींना सांगायला नको, पण माझ्यासारखे जे बाहेर गेले त्यांना आठवण करून देते. परळ हाकेच्या अंतरावर, म्हणून गावातलं कुणीही दुखणं घेऊन आमच्याच खोलीत उतरायचं. येताना कुळथाचं पीठ, कोकमाची सोलं घेऊन. किती दिवस राहणार, हे आईने कधी कुणाला विचारलं नाही. आम्ही भावंडं गॅलरीत झोपायचो आणि मी कुरकुरायचे.

न्यू जर्सीत मी ब्लाउज शिवते, गोऱ्यांच्या पँटी आखूड करते. बरं चाललंय, खोटं कशाला बोलू? पण धंदा स्वतःचा, म्हणून विमाही स्वतःच घ्यायचा. सरकारची सबसिडी होती तोवर परवडत होता. ती कमी झाली आणि हप्ता असा काही फुगला की मी कागद दोनदा वाचला. टीव्हीवर दोन्ही पक्षांची जुंपलेली. दुकानातही तेच. एक बाई पँटचं माप देता देता म्हणाली, दुसऱ्यांचा विमा माझ्या टॅक्समधून का? माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बरंच झालं. तिच्या मागची म्हणाली, मग आजारी माणसाने जायचं कुठे? मी पँट टाचत राहिले. वर्षअखेरीला विमा सोडला. दुखरा गुडघा मात्र मला सोडेना.

धाकटा भाऊ बबन फोनवर म्हणाला, "भांडू दे गं त्यांना, ताई. तू ये. परळ काय पळून गेलंय?"

आले. गुडघा बदलला आणि थेट त्याच कॉटवर येऊन पडले. मोठ्या घरात राहायची सवय झालेली, तरी पहिल्या दिवशीच गाढ झोपले. आई आता नाही. पेज वहिनी, बबनची बायको, देते.

दहाव्या दिवशी त्यांची मुलगी सई पहिल्या नोकरीसाठी बंगळुरूला निघाली. बॅगा दाराशी, टॅक्सी खाली. वहिनी पातेल्यात पळी फिरवत म्हणाली, "मी नाही येत स्टेशनवर. आत्याकडे कोण बघणार?" सईने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी ओळखते, तीसेक वर्षं मीच तो घेऊन फिरलेय.

टाचण्यांच्या वेळी न सुचलेलं उत्तर मला तेव्हा सुचलं. सबसिडी कुणीतरी भरतंच. आमच्या खोलीत ती आई भरायची, आणि थोडी आम्ही पोरंही. फक्त आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

"वहिनी, गॅस बंद कर आणि जा," मी म्हटलं.

"अहो ताई, तुम्ही उठणार कशा?"

"शेजारच्या शिंदेबाई आहेत की. जा बघू. नाहीतर ही पोरगी मला जन्मभर शिव्या घालेल. मला अनुभव आहे."

सई हसली. वाकून पाया पडली आणि जरा जास्तच वेळ बिलगून राहिली.

मग शिंदेबाईंचा हात धरून, वॉकर ढकलत मी गॅलरीत गेले. खाली बबन डिकीत बॅगा कोंबत होता. मायलेकी मागच्या सीटवर बसल्या, वहिनीने गजरासुद्धा माळला होता. टॅक्सी वळेपर्यंत सई हात हलवत होती.

पुढच्या महिन्यात मी परत जाईन. दुकान तिकडे आहे, नवरा तिकडे आहे, आणि तिकडे मी सुखात आहे. पण दुखणं घेऊन उतरायला मला ही खोली आहे, आणि मला वाटतं माणसाला तेवढं घर पुरतं. आत येऊन गार झालेली पेज सगळी संपवली. भागीकाकू तेव्हा काय पुटपुटली असेल, ते आता मला पक्कं ठाऊक आहे. "जा गे तू तिच्यावांगडा, तिका पोचवूक. पेज मी घेतंय."