डोक्याचं माप

परवा लातुरात रक्त तपासायला गेले. हातावर स्पिरिटचा बोळा फिरला, तो वास नाकात शिरला आणि जुना संताप पुन्हा उसळून आला.

बी.ए.ला मानवशास्त्र घेतलं होतं. सर आम्हाला मुदखेडजवळच्या एका खेड्यात माणसांच्या डोक्यांची मापं घ्यायला घेऊन गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात मी मापाचा वाकडा स्टीलचा चिमटा स्पिरिटनं पुसत होते. एक बाई शेतातून थेट तिथं आली, पदर मागं सारून समोर बसली.

"लई ठणकून राहिलं बाई, हितं, कानामागं. दोन महिने झाले."

स्पिरिटच्या वासानं तिला आम्ही डॉक्टर वाटलो होतो. मी सरांकडे पाहिलं. ते हसले. "माप घे. तक्रारी ऐकत बसलीस तर संध्याकाळ होईल."

चिमट्याची टोकं मी तिच्या कानांच्या वर टेकवली. गार स्टील लागताच तिनं डोळे मिटले, जणू ठणका थांबलाच. मी रुंदी लिहिली, लांबी लिहिली. दुखण्याला रकाना नव्हता.

"काय निघालं? बरं हाय नव्हं?"

सरांना आजवर मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील! पण ते तिच्याशी एक अक्षरही बोलले नव्हते. वर्गात पुस्तकी मराठीसाठी धडपडणारी मीच, तिला खरं वाटावं म्हणून तिच्याच बोलीत म्हणाले, "हाव मावशी, समदं बरं हाय."